सोटेगुरूंचं पाकीट

या, बसा असे टेकून. घाई असेल तर आत्ताच उठा, मला राग नाही. पण एकदा सुरू केलं की मध्ये उठायचं नाही. ह्या गोष्टीत मी मार खाल्लाय, आणि मार खाल्लेला माणूस गोष्ट अर्धी सोडत नाही. हा वरचा दात बघा. दिसला? कसा दिसेल, नाहीच तिथे! तो कसा पडला आणि पडला तेच बरं झालं असं मला का वाटतं, ते सांगतो.

मी पोस्टात शिक्के मारायचो. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली चौथीसुद्धा मास्तरांच्या दयेवर. आठ तास काम एकच. डाव्या हाताने पाकीट पुढे सरकवायचं, उजव्या हातातला तारखेचा लोखंडी शिक्का शाईच्या गादीवर टेकवायचा आणि तिकिटावर हाणायचा. धाड. पुढचं. धाड. खाली रबराची जाड पट्टी असते, त्यामुळे लोखंड कागदात रुततं. त्यात माझा हात जड. पाकिटाच्या आतल्या कागदावरसुद्धा गोल खळगा उमटायचा. शाई नाही हां, नुसता दाब. बोट फिरवलं की लागायचा. आमचे साहेब म्हणायचे, "अहो, पत्रावर शिक्का मारा, पत्राचा जीव घेऊ नका!" ऑफिसात माझं नावच पडलं होतं ठोक्या.

आणि एक लक्षात घ्या. मोठमोठ्या कॉलेजांत प्रवेश मिळवायच्या परीक्षा होतात ना, त्यांचं ऑफिस आमच्याच शहरात. त्यामुळे शहरातल्या सगळ्या पोरांची हॉलतिकिटं माझ्या हाताखालून जायची.

आता सोटेगुरू. ह्या माणसाने गावाबाहेरचं एक जुनं लोखंडाचं गोदाम घेतलेलं. अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट. हातात हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड सोटा, त्याच्या टोकाला पितळेची टोपी. परीक्षेला बसणाऱ्या पोराला आईबापांनी त्याच्यापुढे आणायचं, पोराने उजवा हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि ह्याने फटके मारायचे. कशाला? तर तो सांगायचा.

"एका प्रश्नाला उत्तरं किती? चार. खरं किती? एक. मग खोटी किती?"

"तीन!" गर्दी ओरडायची.

"ही तीन खोटी उत्तरं पोराच्या बोटांत शिरून बसतात. बोट गोल रंगवायला गेलं की ती आतून ढकलतात. ती झटकावी लागतात. एका खोट्या उत्तराला एक फटका! आणि माझ्याकडे पण निगेटिव्ह मार्किंग आहे बरं का. रडलं की दोन फटके जास्त."

लोक हसायचे. पोराचा हात फुटलेला असायचा आणि लोक हसायचे. मीही हसलोय. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी इंजिनियरिंगच्या परीक्षेचा निकाल पेपरात छापून आला होता. सकाळी गोदामात पंधराएकशे माणूस. इतकी रेटारेटी की फाटकाचा कडीकोयंडा उखडून आला. एक म्हातारा खाली पडला, त्याच्या बोटांवरून लोक गेले, तो बोंबलतोय आणि कोणी खाली बघत नाही. सगळ्यांच्या माना वर. वर सोटेगुरू, हातात एक बंद पाकीट.

"परीक्षेच्या तीन दिवस आधी मी निकाल लिहिला," तो म्हणाला. "माझी कोणती पोरं पास होणार, कितव्या नंबराने, सगळं. आणि लिहून पोस्टात टाकलं, माझ्याच पत्त्यावर. का? तर उद्या कोणी म्हणू नये की मागाहून लिहिलं. तारखेला साक्षीदार कोण? सरकार!"

कात्रीने पाकीट कापलं, कागद काढला, वाचायला लागला. अकरा पोरं, अकरा नंबर. खाली एक जण पेपर उघडून ताडून बघतोय.

"सातवा!"

"बरोबर!"

"त्रेचाळिसावा!"

"बरोब्बर!"

शेवटचा नंबर जुळला तेव्हा गोदामाचा पत्रा उडतो की काय असं झालं. बायका रडायला लागल्या. एका माणसाने आपल्या पोराला मानेला धरून पुढे ढकललं, ते टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं, कपाळ फुटलं.

आणि तेवढ्यात गुरू म्हणाला, "शिक्कावाले आलेत ना? या, वर या!"

आदल्या दिवशी त्याचा माणूस येऊन मला आमंत्रण देऊन गेला होता. मी वर गेलो. त्याने पाकीट माझ्या हातात दिलं.

"हा शिक्का तुमचाच?"

"माझाच."

"तारीख?"

"सात."

"परीक्षा कधी होती?"

"दहाला."

"तारीख खोटी असेल?"

"छे हो! पोस्टातली तारीख खोटी कशी असेल?"

पंधराशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला! चौथी पास माणसाला! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. तो कागद गुरूने एका तिरक्या फळीवर टाचला, शेजारी रिकामं पाकीट टाचलं आणि फळी टेबलावर ठेवली. फटके खाताना पोराने यादीकडे बघायचं, म्हणजे पुढच्या वेळी आपलं नाव लागतं, असं त्याचं म्हणणं. मी कागदाला हातही लावला नाही. मला कुठे शंका होती?

घरी आलो तर ताई दारातच उभी. माझी थोरली बहीण. कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. नवरा गेल्यापासून ती आणि पोरगी माझ्याच घरी. पोरीला आम्ही टिटवी म्हणतो. लहानपणापासून आवाज बारीक आणि प्रश्न संपत नाहीत. डॉक्टर व्हायचं तिला. आदल्या वर्षी तीन मार्कांनी हुकली. आता दुसरी खेप, परीक्षा चार दिवसांवर.

"उद्या हिला घेऊन जायचं," ताई म्हणाली.

टिटवी पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "मी नाही येणार. आई, दोनशे प्रश्न, तीन तास, उजव्या हाताने गोल रंगवायचे. हात सुजला तर रंगवू कशाने, नाकाने?"

"तोंड बघा हिचं! गेल्या वर्षी सुजला नव्हता ना हात? मग झालीस का पास?" ताई माझ्याकडे वळली. "तू सांग रे. स्टेजवर उभा राहून साक्ष दिलीस ना? तुझाच शिक्का ना?"

"माझाच."

"मग?"

मी टिटवीला म्हणालो, "अगं, अकरा पोरं पास झाली, ती काय पायाने लिहून झाली?"

मोठा विनोद केला असं वाटलं मला. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. ती नजर अजून कधीकधी जेवताना आठवते आणि घास फिरतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही रांगेत. सगळ्या पोरांच्या हातात हॉलतिकीट, कारण तेही टेबलावर ठेवायचं असायचं. आमच्या पुढे एक वेल्डर आणि त्याचा मुलगा. वेल्डरचे हात पोळलेले, काळे. मुलाला म्हणत होता, "माझ्यासारखं आयुष्य नको ना? मग सोस."

मुलाने हात ठेवला. मागून वेल्डरने खांदे दाबून धरले. सोटा खाली आला. पहिल्या फटक्याला कातडी फाटली. दुसऱ्याला रक्त फळीवर उडालं. पोरगं रडलं.

"निगेटिव्ह!" गुरू ओरडला. "दोन जास्त!"

पाचव्या फटक्याला वाळकी काडी पायाखाली यावी तसा आवाज आला. पोरगं खाली बसलं. आणि गुरूने सोटा वर केला.

"ऐकलंत? खोटं उत्तर मोडलं!"

टाळ्या! हाड मोडलं आणि टाळ्या! वेल्डरसुद्धा टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माणूस एकाच वेळी दोन्ही करू शकतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

मग आमचा नंबर. टिटवीने हात ठेवला. ताईने डोळे मिटले. खांदे मी धरले. हो, मीच. माझ्या ह्याच हातांनी.

धाड. तिच्या हाताची मधली दोन बोटं सोट्याखाली आली. पूर्ण अंग उडालं तिचं, पण आवाज नाही. धाड. नखातून रक्त. धाड. मला माझ्या तळव्यांत तिची थरथर कळत होती. बाहेर निसटू बघणारी चिमणी धरल्यावर लागते ना, तशी.

"मामा," ती म्हणाली.

"डोळे मीट बाळा, झालंच."

"मामा, तुझा खळगा कुठे आहे?"

मला वाटलं वेदनेने पोरगी बरळतेय. पण तिची नजर समोरच्या फळीवर होती. खिडकीतलं ऊन त्या कागदावर तिरकं पडलं होतं.

"पाकिटावर आहे," ती दात आवळून म्हणाली. "बघ, गोल दिसतोय. कागदावर नाही."

"बोलली! निगेटिव्ह!" गुरू ओरडला आणि चौथा फटका खाली येऊ लागला. मी हात मध्ये घातला. पितळेची टोपी माझ्या तळव्यात बसली, कोपरापर्यंत मुंग्या आल्या, पण सोटा मी हिसकून खाली टाकला. मग फळीवरचा कागद आणि पाकीट ओढून घेतलं. पाकिटात घडी करून ठेवलेला, म्हणजे घड्या बरोब्बर पाकिटाच्या मापाच्या. परत घडी घातली, पाकिटात सारली, तिकिटाचा कोपरा बघितला, आतला कागद काढला आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

गुळगुळीत. काचेसारखा गुळगुळीत.

तीस वर्षं मी हाणतोय. मी शिक्का मारलेल्या पाकिटातला कागद असा असूच शकत नाही.

"गुरुजी," मी म्हणालो, "मी शिक्का मारला तेव्हा ह्या पाकिटात काही नव्हतं."

"काय बडबडतोय हा?"

"पाकीट रिकामं होतं! झाकण नुसतं आत खोचून पोस्टात टाकलंत. मी शिक्का मारला, पोस्टमनने आणून तुम्हालाच दिलं. मग निकाल छापून आला, तो बघून यादी लिहिलीत, आत सारलीत आणि डिंक लावलात!"

गुरू हसला. हुशार माणूस, क्षणभरसुद्धा डगमगला नाही.

"अरे मूर्खा, हा दैवी कागद आहे. दैवी कागदावर माणसाचा घाव उमटत नाही."

"मग दैवी कागदावर घडी कशी उमटली?" हा टिटवीचा बारीक आवाज. हात छातीशी धरलेला, त्यातून रक्त ठिबकतंय, आणि प्रश्न चालूच.

मागे कोणीतरी फसकन हसलं. तिथे गुरूचा धीर सुटला. "घ्या ह्याला!" तो ओरडला आणि त्याचे चार सेवक माझ्यावर पडले. पहिला गुद्दा तोंडावर, तिथेच हा दात गेला. मी पडलो, मग लाथा. बरगडीत, पाठीत, कानावर. त्या लाथांमधून मी एकच ओरडत होतो, "हॉलतिकिटं बघा! तुमची हॉलतिकिटं बघा! तीही पोस्टाने आलीत, मीच शिक्के मारलेत! कोपऱ्यावर बोट फिरवा!"

लाथा खाता खाता मला दिसलं ते सांगतो. आधी ताईने टिटवीचं हॉलतिकीट उचललं. मशीनवर बसून बसून तिच्या बोटांना कापडातला धागा धागा कळतो. तिने अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मग रांगेतल्या एका पोराने फिरवला. मग दहांनी. मग सगळ्या गोदामात शेकडो अंगठे कागदाच्या कोपऱ्यावरून फिरायला लागले.

"आहे! गोल आहे!"

"माझ्यावर पण!"

"द्या तो गुरूचा कागद इकडे!"

कागद हातोहात फिरला. ज्याने त्याने अंगठा फिरवला, आणि ज्याच्या त्याच्या तोंडातून शिवी निघाली. कोणीतरी गुरूच्या खोलीचं कपाट फोडलं. त्यात काय निघावं? तीन पाकिटं. त्याच्याच पत्त्याची, झाकणं खोचलेली, परवाच्या तारखेचा माझाच शिक्का, आणि आत वारा! डॉक्टरकीच्या परीक्षेचा चमत्कार तयार होता. निकाल लागायचाच काय तो बाकी.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. वेल्डरने सोटा उचलला. "खोटं उत्तर मोडलं काय रे?" असं म्हणून गुरूच्या हातावर मारला, मग खांद्यावर, मग डोक्यावर. लोक तुटून पडले. पांढरा कोट लाल झाला. माणूस गुरासारखा ओरडत होता. पहिले चार-पाच फटके मला गोड लागले, हेही सांगून टाकतो. मग टिटवीने माझी बाही ओढली.

"मामा, थांबव त्यांना. हा मेला ना, तर उद्या ह्यालाच देव करतील. जिवंत राहू दे. पाकीट कसं भरलं ते सगळ्यांसमोर बोलू दे त्याला."

मी जाऊन त्याच्या अंगावर आडवा पडलो. दुसरं सुचलंच नाही. उरलेले फटके माझ्या पाठीवर. वेल्डर थांबला तो त्याच्या मुलामुळे. मुलगा मोडक्या हाताने बापाच्या कमरेला मिठी मारून म्हणाला, "पप्पा, बस. आता दवाखान्यात चला ना." तेव्हा कुठे सोटा खाली पडला. पोलिसांनी गुरूला उचललं. चौकीत त्याने सगळं कबूल केलं. फटके खाऊनही खोटं उत्तर आधी तोंडात आलं होतं म्हणे, पण पाकिटं समोर ठेवल्यावर खरं आलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टिटवीच्या हाताचा एक्स-रे फोटो काढला. दोन बोटं मोडलेली. ताईने विचारलं, "बाई, परीक्षा तीन दिवसांवर आहे, काही करता येईल का?"

बाई म्हणाल्या, "दुखणं कमी करायची गोळी देते. हाड जुळायला दीड महिना लागतो, तो लागणारच. त्याहून लवकर जोडून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका."

ताई तिथेच बाकावर बसली आणि तिने आपलं कपाळ भिंतीवर आपटून घेतलं. टिटवीने डाव्या हाताने तिचं डोकं धरलं. म्हणाली, "आई, आता तू नको मारून घेऊस. खूप झालं."

तीन दिवस ती डाव्या हाताने गोल रंगवत बसली. वहीच्या वह्या, नुसते गोल. परीक्षा दिली. दोनशेपैकी एकशे सत्तेचाळीस रंगवून झाले आणि घंटा वाजली. उरलेल्यांतली चाळीस उत्तरं तिला येत होती, मला तिने घरी येऊन तोंडी सांगितली. ऐकून मला काय कळणार? पण मी सगळी ऐकली. निकाल लागला, नाव नव्हतं.

आता तिसऱ्यांदा बसतेय. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण वळत नाही, पण पेन्सिल धरता येते.

नंतर मी तिला विचारलं होतं, "पण ती अकरा पोरं पास झालीच ना गं?" ती म्हणाली, "मामा, त्याने चारशेंना मारलं. चारशेंत अकरा पास. ज्यांना कोणी मारलं नाही त्यांच्यातही चारशेंत दहा-बारा होतातच. पास झालेल्याचं श्रेय सोट्याला. आणि नापास झालेला? तो रडला होता, म्हणून नापास. मग गुरू हरणार कधी?" मी चौथी पास, पण एवढं मलाही कळलं. कॉलेजात जागा ठरलेल्या. जागा पाच हजार आणि पोरं दोन लाख असतील तर एक लाख पंचाण्णव हजार बाहेर राहणारच. सोट्याने खुर्ची वाढत नाही. आपल्याला भीती वाटते, भीतीला कोणीतरी खात्री दिलेली हवी असते, आणि खात्री विकणारा पांढरा कोट घालून बसलेलाच असतो. अभ्यासाने खात्री मिळत नाही, हे खरं आहे. पण निदान बोटं शाबूत राहतात.

आता माझी एक विनंती आहे. दात मागत नाही, तो गेला. पण तुमच्या समोर कोणी पोरावर हात उगारील, हे त्याच्या भल्यासाठी म्हणेल, आणि पुरावा म्हणून शिक्का, सही, सर्टिफिकेट काहीही नाचवेल, आणि भोवती सगळे टाळ्या वाजवत असतील, तेव्हा टाळी वाजवू नका. तो कागद मागून घ्या, स्वतः हात लावून बघा. आणि बघायला वेळ नसेल तर आधी मध्ये पडा, मग बघा. मी तीन फटके उशिरा पडलो. तुम्ही पहिल्याच्या आधी पडा.